उंचावरची बाग : व्हूव्रे येथील ह्युएत संस्थेचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे संस्थापकापासून आरंभ करावा, असा आपल्याकडील स्मरणिकांचा शिरस्ता आहे. फ्रान्समधील व्हूव्रे गावच्या ह्युएत द्राक्षबागेच्या बाबतीत तो शिरस्ता पाळावयाचा, तर जिच्यामुळे ही बाग नावारूपास आली ती भूमीच मागे ठेवावी लागेल. म्हणून वाचकांची अनुज्ञा गृहीत धरून प्रथम भूमीचाच वृत्तांत सांगतो. ल्वार नदीच्या उत्तर तीरावर, तूर या प्राचीन नगराच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरांवर, एका पांढुरक्या कड्याच्या आश्रयाने व्हूव्रे हे गाव वसले आहे. तो कडा ज्या दगडाचा आहे त्यास तेथील लोक ‘तुफो’ म्हणतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशावर उथळ समुद्र पसरला होता, आणि त्यातील जीवांच्या कवचांचा चुरा, वाळू व अभ्रकाचे कण यांचे थरावर थर बसून हा मऊ, सच्छिद्र, चुनखडीचा दगड सिद्ध झाला. आल्सीद दॉर्बिन्यी या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या कालखंडाचे नामकरण करताना याच तूरेन प्रांताचे नाव योजिले, आणि तेव्हापासून पृथ्वीच्या पाठीवर कोठेही त्या वयाचा खडक आढळला तर तो ‘तूरोनियन’ याच नावाने ओळखला जातो.

आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ अग्नीतून जन्मला, हा पांढरा दगड पाण्यातून. आणि दोहोंच्या स्वभावात त्या जन्माचा फरक उतरला आहे. काळ्या कातळास सुरुंग लावावा लागतो, तुफो करवतीने कापता येतो. ल्वारकाठचे जे राजवाडे पाहावयास जगभरचे प्रवासी जातात त्यांपैकी कित्येकांच्या भिंती याच दगडाच्या आहेत, आणि भिंतींसाठी दगड काढून नेल्यावर कड्यांच्या पोटात ज्या पोकळ्या उरल्या त्यांत माणसांनी घरे केली, अळिंब्यांची लागवड केली, आणि मुख्यतः वाइनची पिंपे व बाटल्या ठेवण्यासाठी तळघरे केली. बाहेर हिमवर्षाव होत असो की जुलैचे ऊन पडलेले असो, या भुयारांतील हवा बाराएक अंशांच्या आसपास स्थिर राहते. कड्याच्या माथ्यावरील पठारावर मातीचे मुख्यतः दोन प्रकार आहेत : एक चुनखडीमिश्रित चिकण माती, तिला ‘ओब्युई’ म्हणतात, आणि दुसरी चकमकीच्या दगडांनी भरलेली, तिला ‘पेर्युश’ म्हणतात. आपल्याकडे बरड, मुरमाड, काळीभोर असे जमिनीचे भेद शेतकऱ्याच्या पोराला पुस्तकावाचून कळतात, तसेच हे दोन शब्द व्हूव्रेच्या पोरांना कळतात.

या भूमीत द्राक्षवेल केव्हा आली याचे उत्तर अर्धे इतिहासाने आणि अर्धे दंतकथेने दिले आहे. चौथ्या शतकात तूरचे धर्मपीठ भूषविणाऱ्या संत मार्तँ यांनी व्हूव्रेच्या वाटेवर मार्मूतिए येथे मठ स्थापन केला, हे इतिहासाने मान्य केले आहे. त्यांच्या गाढवाने एकदा बांधलेले दावे तोडून मठातील वेलींचे शेंडे खाऊन टाकले, आणि पुढील वर्षी त्याच वेलींना अधिक सकस घड लागल्याचे पाहून भिक्षूंना छाटणीचे रहस्य उमगले, ही दंतकथा. कथा खरी असो वा नसो, ती रचणारा मनुष्य द्राक्षबागायतदार असला पाहिजे यात मला संशय वाटत नाही, कारण वेल निर्दयपणे कापल्याशिवाय फळत नाही हे ज्याने स्वतः कात्री हाती घेतली आहे त्यालाच सुचावयाचे. येथील वाण ‘शेनिन’. कळी लवकर फोडणारा आणि फळ उशिरा पिकविणारा हा वाण मालकाच्या जिवास दुहेरी घोर लावतो : एप्रिलातील हिमकडाक्यात कोवळे कोंब करपण्याचे भय, आणि ऑक्टोबरातील पावसात तयार घड कुजण्याचे. परंतु त्याच्या अंगी एक असा गुण आहे की त्यापुढे हे सर्व क्लेश माफ व्हावेत. तो म्हणजे पूर्ण पिकल्यावरही न मावळणारी आम्लता.

आता संस्थापकाकडे वळू. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या ज्या लक्षावधी तरुणांच्या देहाची आणि मनाची नासाडी झाली त्यांपैकी व्हिक्तोर ह्युएत हे एक होते. खंदकांतून परत आलेल्या या गृहस्थास शांत, मोकळ्या हवेचे ठिकाण हवे होते, आणि १९२८ साली त्यांनी पत्नी आना-कोन्स्ताँस यांच्यासह व्हूव्रेच्या पठारावरील ‘ल ओ-ल्यू’ ही मिळकत खरेदी केली. नावाचा अर्थ ‘उंचावरची जागा’. घर, घराखाली दगडात कोरलेले तळघर आणि भोवती वेली, अशी ती मिळकत होती. युद्धाने खचलेल्या मनुष्याने विसाव्यासाठी घेतलेल्या या जागेतून पुढे देशाला ललामभूत झालेली संस्था उभी राहावी, हा योगायोग खरा. पण खरेदीखताच्या दिवशी त्या दांपत्याच्या मनात कीर्तीचा विचार नसून केवळ विश्रांतीचा होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढील सर्व कारभारात घाईचा जो संपूर्ण अभाव दिसतो त्याचे मूळ येथे असावे.

बाग मिळाली तो काळ मात्र विश्रांतीचा नव्हता. फायलॉक्सेरा या मुळांवरील किडीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या होत्या, आणि अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून त्या पुन्हा उभ्या करण्याच्या खर्चाने शेतकरी कर्जात रुतले होते. (आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनीही अलीकडील दशकांत वेगळ्या कारणांसाठी डॉगरिजचे खुंट स्वीकारले, तेव्हा खुंटावरील कलमाचे शास्त्र येथे विशद करण्याचे प्रयोजन नाही.) त्यात भलत्याच ठिकाणच्या मालावर नामांकित गावांची नावे लावण्याचा सुळसुळाट झाला होता. या अंदाधुंदीस आळा घालण्यासाठी सरकारने प्रदेशनामाचा कायदा केला, आणि १९३६ साली व्हूव्रेस त्या कायद्यान्वये मान्यता मिळाली : कोणत्या हद्दीतील, कोणत्या वाणाच्या द्राक्षांच्या वाइनला ‘व्हूव्रे’ म्हणावे हे दप्तरी नोंदले गेले. गावाच्या नावास जणू सनदच मिळाली.

व्हिक्तोर यांचे पुत्र गास्ताँ ह्युएत हे या संस्थेचे खरे शिल्पकार. त्यांचा जन्म १९१० चा. वडिलांची प्रकृती तोळामासा, त्यामुळे बागेचा कारभार तरुण वयातच त्यांच्याकडे आला; आणि तो हाती बसतो न बसतो तोच दुसरे महायुद्ध उभे राहिले. १९४० साली फ्रेंच सैन्याचा पाडाव झाला तेव्हा अधिकारी म्हणून लढणारे गास्ताँ जर्मनांच्या हाती सापडले आणि त्यांची रवानगी सिलेशिया प्रांतातील ‘ओफ्लाग चार-ड’ या बंदिवान अधिकाऱ्यांच्या छावणीत झाली. तेथे त्यांनी आयुष्याची पाच वर्षे काढली. उपासमार, थंडी आणि घरच्या वार्तेचा दुष्काळ असा तो काळ होता. अशा स्थितीत त्यांनी व छावणीतील इतर द्राक्षबागायतदारांनी मिळून एक गोष्ट केली, ती या इतिहासात सविस्तर नमूद व्हावी अशी माझी इच्छा आहे. छावणीच्या अंमलदाराकडे अर्जविनंत्या करून त्यांनी वाइनचा उत्सव साजरा करण्याची परवानगी मिळविली, मायदेशाहून बाटल्या आणविल्या, आणि बंदिवानांच्या वाट्याला एकेक पेला येईल अशी वाटणी केली. एक पेला म्हणजे काय, असे पोटभर जेवणाऱ्यास वाटेल; परंतु ज्याचे गाव, शिवार, बायकामुले सर्व काही हिरावले गेले आहे त्याच्या ओठांस आपल्या मुलखातील द्राक्षांचा रस लागावा, यात त्याचे सारे शिवार त्याला क्षणभर परत मिळते. भूमीची चव हा शब्दप्रयोग वाइनचे रसिक फार सैलपणे वापरतात. त्याचा अर्थ गास्ताँ ज्या ठिकाणी शिकले त्या ठिकाणी तो सैल राहणे शक्य नव्हते.

१९४५ साली ते परतले. निगराणीवाचून पाच वर्षे गेलेल्या वेलींना पूर्वस्थितीत आणण्याचे काम चालू असतानाच १९४७ चे वर्ष उजाडले, आणि त्या उन्हाळ्यात ल्वारकाठी असे कडक, निरभ्र ऊन पडले की ल ओ-ल्यूच्या द्राक्षांत साखर अपूर्व प्रमाणात साठली. त्या वर्षीची मधुर वाइन आज पाऊणशे वर्षांनंतरही व्हूव्रेच्या परमोत्कर्षाचे प्रमाण म्हणून सांगितली जाते. याच वर्षी गावाने गास्ताँ यांना आपले महापौर केले, आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ तो अधिकार त्यांच्याकडे राहिला.

बागेचा विस्तारही त्यांच्याच कारकीर्दीतला. १९५७ साली ‘ल माँ’ आणि १९६३ साली ‘क्लो द्यु बूर’ या दोन बागा संस्थेच्या मालकीच्या झाल्या. तिन्ही मिळून आणि आसपासचे तुकडे धरून क्षेत्र तीस-पस्तीस हेक्टरांच्या घरात जाते. म्हणजे आपल्या हिशेबाने ऐंशी एकरांच्या आसपास. ल ओ-ल्यूची जमीन खोल, तपकिरी, चिकण मातीची. तेथील वाइन लवकर मोकळी होते, पाहुण्यास दारातच हात धरून आत नेणाऱ्या घरधन्यासारखी. ल माँ नदीवर झुकलेल्या पहिल्या उतारावर आहे. तेथे हिरवट चिकण मातीत चकमकीचे दगड दाट पेरलेले, आणि त्यामुळे वाइन सडपातळ, ताठ, संयमी. तिची ओळख पटावयास दहा वर्षे थांबावे लागते. क्लो द्यु बूर ही गावच्या चर्चच्या वरील अंगास असलेली, दगडी भिंतीने बंदिस्त अशी फार जुनी बाग. तेथे मातीचा थर इतका उथळ की वेलीच्या मुळांना थोड्याच खोलीवर तुफोचा पांढरा खडक लागतो. तिच्या वाइनमध्ये ल ओ-ल्यूचा भरदारपणा आणि ल माँचा ताठा एकत्र नांदतात. गास्ताँ यांचे मन या तिसऱ्या बागेवर विशेष जडले होते असे सांगतात, आणि त्यांच्या निवडीशी मी सहमत आहे.

तिन्ही बागांत वाण एक, हात तेच, तळघर तेच. तरीही या तिघींचा रस एकत्र मिसळून एकच एक उत्तम वाइन करण्याच्या मोहात ही संस्था पडली नाही. प्रत्येक बागेची बाटली वेगळी, तिच्यावर बागेचे नाव. वाण आणि कसब स्थिर ठेवून केवळ जमीन बदलली असता काय होते, हे पिढ्यान्‌पिढ्या दाखविणारा असा दीर्घ प्रयोग जगात फार थोड्या ठिकाणी चालला असेल.

येथे त्या ‘खनिज’ चवीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या बागेचे नाव निघाले की हा शब्द निघतोच. ओल्या दगडाचा गंध, चकमक झडल्यावर क्षणभर येणारा वास, जिभेच्या कडांवर उमटणारी किंचित खारट, खडूसारखी जाणीव, या सर्वांस मिळून तज्ज्ञांनी गेल्या काही दशकांत हे नाव रूढ केले आहे. सामान्य समजूत अशी की वेल खडकातील खनिजे शोषून घेते आणि तीच पेल्यात उतरतात. शास्त्रज्ञांस हे मान्य नाही. वेल पाण्यात विरघळलेली मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात घेते, त्यांचे प्रमाण जिभेस कळण्याइतके नसते, आणि दगडास तर स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. मग ही चव कोठून येते? माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर पाण्याच्या आणि आम्लाच्या वाटेने शोधावे लागते. तुफो हिवाळ्याचा पाऊस स्पंजासारखा पिऊन ठेवतो आणि उन्हाळ्यात मुळांना थेंबथेंब देतो, त्यामुळे वेल ना आळसावते ना होरपळते. फळ सावकाश पिकते आणि आम्लता टिकते. तळघरातही ती आम्लता जपण्यात येते : मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारे दुसरे किण्वन येथे होऊ देत नाहीत, आणि नव्या लाकडाचा वास वाइनला लागू नये म्हणून पिंपे जुनीच वापरतात. फळाचा भडक सुवास नाही, लाकडाचा लेप नाही. अशा रिकाम्या केलेल्या जागेत ती दगडी जाणीव स्पष्ट ऐकू येते. खडक वाइनमध्ये विरघळत नाही हे खरे, परंतु वेलीच्या जगण्यावर तो बारा महिने अंमल गाजवितो. आणि तीन बागांच्या तीन बाटल्या ओळीने चाखणारास त्या अंमलाचा प्रत्यय आल्याशिवाय राहत नाही.

या संस्थेचा दुसरा विशेष म्हणजे येथे काय बनवावयाचे ते मालक ठरवीत नाही, साल ठरविते. व्हूव्रेच्या एकाच द्राक्षापासून कोरडी, अर्धगोड, पूर्ण मधुर आणि फेसाळ अशा चारही तऱ्हांची वाइन होते. वर्ष थंड, पावसाळी निघाले तर कोरडी आणि फेसाळच अधिक. ऊन भरपूर पडले तर अर्धगोड. आणि शरदात ल्वार व ब्रेन या नद्यांवरून उठणारे सकाळचे धुके आणि दुपारचे ऊन यांचा मेळ जमला, तर घडांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. आपल्याकडे भुरी आणि केवडा या रोगांच्या नावानेच बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. ही बुरशी मात्र मण्याची साल झिरपती करून आतील पाणी उडवून लावते आणि साखर, आम्ल व सुवास घट्ट करून ठेवते. अशा वर्षी तोडणीवाले एकाच ओळीतून अनेकदा फिरतात आणि प्रत्येक वेळी तयार झालेले तेवढेच मणी घेतात. पहिल्या फेरीचा निवडक माल वेगळा ठेवला जातो आणि बाटलीवर तसा उल्लेख होतो. १९८९ साली हा योग इतका उत्कृष्ट जमला की सर्वांत घट्ट रसाची एक स्वतंत्र वाइन काढण्यात आली आणि तिला गास्ताँ यांच्या मातुःश्रींचे, कोन्स्ताँस यांचे, नाव देण्यात आले. ज्या स्त्रीने १९२८ साली या घरात पाऊल ठेवले तिच्या नावाची ती बाटली प्रत्येक वर्षी निघत नाही. साल अनुकूल असेल तेव्हाच निघते.

महापौर या नात्याने गास्ताँ यांनी दिलेला एक लढा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पॅरिसहून पश्चिमेकडे जाणाऱ्या अतिवेगवान रेल्वेचा मार्ग आखला गेला तेव्हा तो व्हूव्रेच्या द्राक्षमळ्यांना छेदून जाणार अशी तजवीज होती. रेल्वे नको असे म्हणण्यात अर्थ नव्हता, आणि ते तसे म्हणालेही नाहीत. परंतु मळ्यांचे दोन तुकडे होऊ देणार नाही, या मुद्द्यावर गाव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर सुमारे दीड किलोमीटर लांबीचे भुयार खणून रूळ जमिनीखालून नेण्यात आले, आणि १९९० पासून गाड्या त्या वाटेने धावू लागल्या. भूसंपादनाची नोटीस हाती पडलेल्या आपल्याकडील शेतकऱ्यांस या प्रकरणाचे मोल सांगावयास नको.

गास्ताँ यांचे जामात नोएल पँगे हे शिक्षणाने गणिती. १९७१ साली ते संस्थेत आले आणि पुढे कारभाराची सूत्रे त्यांच्याकडे गेली. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बागेच्या काही भागात बायोडायनॅमिक पद्धतीचा प्रयोग आरंभिला, आणि १९९० पर्यंत सर्व बागा त्या पद्धतीखाली आणल्या. या पद्धतीचा उगम रुडॉल्फ श्टायनर यांनी १९२४ साली कोबेरविट्झ येथे दिलेल्या व्याख्यानांत आहे. आणि कोबेरविट्झ त्याच सिलेशिया प्रांतात होते, ज्या प्रांतात गास्ताँ यांनी बंदिवास भोगला. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरावयाचे, वसंतात काढून पाण्यात घुसळून शिंपावयाचे; गारेची पूड त्याच रीतीने, पण उन्हाळाभर पुरून, सिद्ध करून पानांवर फवारावयाची; कामे चंद्राच्या गतीप्रमाणे करावयाची, हे सर्व आपल्याकडील कित्येक शेतकऱ्यांस आज परिचित आहे. गणितात मुरलेल्या मनुष्याने हे स्वीकारावे याचे पुष्कळांना नवल वाटले. मला त्यात विसंगती दिसत नाही : सर्व बाग पणास न लावता त्यांनी आधी एका भागात पाहिले, मग निर्णय घेतला. तणनाशके व रासायनिक खते गेली, नांगरट आली. रोगांसाठी गंधक आणि मोरचूद यांपलीकडे फारसे काही उरले नाही. मुळे खोल जाऊन खडकाशी अधिक सलगी करू लागली, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते सांगतात.

२००२ साली गास्ताँ ह्युएत यांचे वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास निधन झाले. पुढील वर्षी संस्थेची मालकी अँथनी ह्वांग यांच्याकडे गेली. हंगेरीतील तोकाय प्रांतातील किरायुद्वार ही मधुर वाइनची जुनी बागही त्यांचीच. पँगे २०१२ पर्यंत कामावर राहिले. घराण्याबाहेर मालकी गेली म्हणून हळहळणारे रसिक पुष्कळ भेटतात. ती हळहळ मला कळते. तथापि वेगवेगळ्या बागांच्या वेगवेगळ्या बाटल्या, सालाबरहुकूम निर्णय आणि रसायनवर्ज्य मशागत ही वहिवाट नव्या मालकीतही चालू राहिली, याची नोंद न्यायाने केली पाहिजे.

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो : व्हूव्रेचा हाच शेनिन वाण विसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिकच्या परिसरात लावण्यात आला आणि तेथील वाइन-उद्योगाच्या पायाभरणीत त्याचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात आटोपते. नाशिकच्या शिवारात ऑक्टोबर छाटणीच्या कात्र्या चालू असतात त्याच सुमारास व्हूव्रेच्या उतारावर तोडणीवाले टोपल्या घेऊन उतरलेले असतात. सकाळी नदीवरचे धुके क्लो द्यु बूरच्या भिंतीपर्यंत आलेले असते, दहा-अकराच्या सुमारास ते विरते, मग ओळीओळीने घड उचलून पाहिले जातात, पिकलेले तेवढे मणी टोपलीत जातात आणि उरलेले पुढील फेरीसाठी वेलीवरच राहतात. त्या वर्षीच्या बाटल्यांवर कोरडी, अर्धगोड की मधुर यांपैकी कोणता शब्द छापावयाचा, ते तोपर्यंत कोणालाही ठाऊक नसते.